दारावरचा कडुलिंब

सावनीने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला तो पाडव्याचा म्हणून. गुढी आत बाल्कनीत होती, पण ती कुणाला दिसत नव्हती. निदान दाराशी तरी सण दिसावा, एवढाच तिचा हेतू. चेन्नईत येऊन वर्ष झालं तरी शेजाऱ्यांशी ओळख लिफ्टमधल्या हसण्यापलीकडे गेली नव्हती, याचं तिला फार वाईट वाटे. म्हणून आज तिने सगळ्यांना श्रीखंड-पुरीला बोलावलं होतं. पण पाडवा आला गुरुवारी, त्यामुळे बहुतेकांनी ऑफिसचं कारण सांगितलं; तरी चक्का भरपूर टांगला होता.

तमिळ मुलखात दाराला कडुलिंब लागला की त्या घरात कांजिण्या आल्या असं समजतात, हे तिला कोण सांगणार? कामाला येणारी वाणी आली, दारापुढे हात जोडून आल्या पावली परत गेली. मग कुणीतरी उंबऱ्याशी दोन शहाळी ठेवून बेल न वाजवता पसार झालं. शेजार किती प्रेमळ आहे, असं नवऱ्याला ऐकवून सावनीने पुऱ्यांची कणीक मळायला घेतली.

इकडे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'साथ आली' म्हणून बोंब उठली. सेक्रेटरी जयतीर्थ तंजावरकडचे मराठी, निवृत्त मास्तर. शब्द ढिला वापरलेला त्यांना खपत नसे. एका घरात असतो तो आजार, त्याला साथ म्हणत नाहीत, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. मग खात्री करायला जिना चढले, तर मजल्यामजल्यावर दारोदार कडुलिंब. मास्तरांना घाम फुटला. नाकाला उपरणं लावून त्यांनी लांबूनच सावनीला विचारलं,

"तुमच्या घरात अम्मै कोणास आली?"

अम्मै म्हणजे कांजिण्या हे कळल्यावर तिने त्यांना आत नेऊन गुढीच दाखवली. मास्तरांनी उपरणं खाली घेतलं.

"पण काका, कडुलिंब तर तुमच्याही दाराला आहे."

"ते तुमच्या भयानं, अम्मै आमच्यात येऊ नये म्हणून. आमच्या बायकोनं, सरोजानं बांधलं."

"आणि बाकीच्यांनी?"

"आमचं बघूनच असणार."

म्हणजे आता जेवायला कुणीच येणार नाही, या विचाराने सावनी रडकुंडीला आली. मास्तरांनी लगेच ग्रुपवर कळवलं, की कुणी आजारी नाही, सगळ्यांनी जेवायला यावं. आणि झाडून सगळे आले. ऑफिसचं कारण सांगितलेलेही आले, कारण बिल्डिंगमध्ये साथ आहे असं ऑफिसला कळवून प्रत्येकजण सकाळपासून घरीच बसला होता. श्रीखंड पुरेना, पुष्करच्या, म्हणजे यजमानांच्या, वाट्याला पातेलं पुसायचं काम आलं. सावनीला मात्र कुणाला काय वाढू आणि काय नको असं झालं होतं.

मास्तरांच्या शेजारी त्यांचा मुलगा अनंतकृष्ण बसला होता. एरवी कामाच्या दिवशी तो बापाला घासभरही वेळ देत नसे. मास्तर त्याच्या पानाकडे बघत सावनीला हळूच म्हणाले,

"दारावरचा पाला सोमवारपर्यंत राहू दे, अम्मा."

"अहो काका, पण साथ कुठे आहे?"

मास्तरांनी पुरी मोडली. "इतक्या घरांत पसरल्यावर साथच म्हणावं."