एका मैत्रिणीचे पडदे

"ताई, पडदे कसे दिसतायत?" धाकटीने फोन गर्रकन खिडकीकडे वळवला.

परदेशात शिकायला गेलेली ताई स्क्रीनच्या जवळ सरकली. "भारीच! कुठून आणले?"

"आणलेत कुठले? तुझ्या गणिताचे आहेत ते!" आई मागून कौतुकाने म्हणाली.

ताईला चहाचा ठसका लागला.

झालं होतं असं, की ताई दर रविवारी धाकटीला व्हिडिओ कॉलवर अपूर्णांक शिकवायची. शेजारच्या काकूंची मुलगी सहज डोकावली, तिने भावाला ओढलं, भावाने अख्खा वर्ग, आणि बघता बघता स्क्रीनभर डोकीच डोकी. ताईला मजा वाटायची. पालकांना मात्र फुकट शिकवून घ्यायला अवघड वाटे, आणि आईला कुणाला 'नको' म्हणता येत नसे. म्हणून शिंपीकाकांनी पडदे शिवले, प्लंबरने गळका नळ बदलला, पार्लरवालीने आईचे केस कापले.

"अगं आई! मला इथे दुकानात ठरावीक तास काम करता येतं. स्वतःचा धंदा नाही चालत, ऑनलाइनसुद्धा! व्हिसा जाईल माझा!"

"धंदा कसला गं? पैशाला हात लावलाय का मी? नळ घेतलाय फक्त."

धाकटीला आता भलताच रस आला. "पण ताई, तू तिकडे, मुलं इकडे. मग धंदा नक्की चालतो कुठे? की मधेच, हवेत?"

प्रश्न इतका चांगला होता की ताईची गाळणच उडाली. दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातल्या व्हिसा-सल्लागार बाईंना गाठलं; नशिबाने त्या मराठीच होत्या.

"माझी एक मैत्रीण आहे..."

"इथे येणाऱ्या प्रत्येकाला असते," बाई म्हणाल्या. "बोला."

ताईने सगळं सांगितलं.

"पडदे?" बाईंनी चष्मा वर सरकवला. "पण लागलेत कुठे?"

"तिकडे. घरी. नळही तिकडेच. आणि केस तिच्या आईच्या डोक्यावर... म्हणजे, होते."

बाईंना हसू आवरेना, तरी त्या गंभीर झाल्या. "शिकवते कोण? तीच ना, इथे बसून? मग वस्तू घेतली तरी तो मोबदलाच. मैत्रिणीला सांगा, ज्याचं त्याला आजच चुकतं करा. पुढे निव्वळ हौस. आणि वर्गाची लिंक ठेवून जा, खरंच फुकट आहे का ते मी बघेन एखाद्या दिवशी."

जाता जाता त्यांनी विचारलं, "मुलांना कळतात हो अपूर्णांक?"

"बिस्किटं मोडून दाखवते मी. म्हणजे, मैत्रीण."

आईने कुरकुरत सगळ्यांचे पैसे भागवले. "आणि केसांचं काय? परत चिकटवून घेऊ?" शिवाय, उगाच कशाला विषाची परीक्षा, म्हणून रविवारी तिने पडदेही काढून ठेवले. धाकटी उन्हात डोळे बारीक करून बसली.

वर्ग सुरू होतो न होतो, तोच स्क्रीनवर एक नवा चौकोन उघडला. त्यात एक अनोळखी मुलगी, हातात बिस्किटांचा पुडा. आणि तिच्या खांद्यावरून डोकावणारा तोच चष्मा!

ताईच्या हातातलं बिस्कीट गळून पडलं. "मॅडम, सगळं फुकट आहे! पडदेसुद्धा काढलेत, बघा!"

"नाही नाही, तपासणीला नाही आले मी," बाई गडबडून म्हणाल्या. "माझी एक मैत्रीण आहे. तिची मुलगी जरा कच्ची आहे अपूर्णांकात, म्हणून—"

"आई, सरक ना गं!" मुलगी करवादली. "मला काही दिसत नाहीये!"