शिंगरू बापाला दाखवावे

भुजंगमामांच्या घरी कुणी गेलं की पाण्याच्या तांब्याआधी घोड्याचं कूळ यायचं. दारात पाऊल पडायचा अवकाश, मामा पागेकडं हात करून सुरू करत, "ह्यो दर्यादिल. बाप कोहिनूर एक्सप्रेस, पुण्याच्या मैदानात पळालेला. आजा ब्लॅक बिशप, विलायतेहून जहाजानं आलेला. माय मिस बुलबुल. तिची माय मद्रासची." पाहुणा विजेचं मीटर बघायला आलेला असो नाहीतर गणपतीची वर्गणी मागायला, सुटका नाही. सगळं सांगून झालं की मामा दम घेत आणि विचारत, "हां. आता बोला, तुमी कोणाचे?" त्या खानदानापुढं आपल्या बापाचं नाव घ्यायला माणसाची जीभ रेटत नसे. आमच्या लाइनमनने तर एकदा घाबरून सासऱ्याचं नाव सांगितलं होतं.

जवळा बाजार या आमच्या गावात माझा छोटा छापखाना आहे आणि मामांची पागा माझ्या भिंतीला लागून होती. त्यामुळे दर्यादिलचं कूळ मला तोंडपाठ आहे. माझ्या पणजोबांचं नाव विचाराल तर मात्र मला घरात हाक मारावी लागेल.

भुजंगमामा म्हणजे सहा फूट उंची, त्यात मांस जवळजवळ नाही, आणि डोक्याला लाल पटका. उभं आयुष्य त्यांनी पुण्यात एका शेठजींच्या रेसच्या घोड्यांकडे मोतद्दार म्हणून काढलं. खरारा करायचा, चंदी घालायची, पहाटे घोडे फिरवायचे. गावाकडे बायको आणि एक मुलगी. मामा वर्षाकाठी एकदा यायचे, तेही घोड्यांना सुट्टी असली तर. पुढं दर्यादिलच्या पुढच्या पायाची शीर गेली आणि तो पळण्यातून बाद झाला. शेठजी त्याला विकायला निघाले, तेव्हा मामांनी तो मागून घेतला आणि नोकरीच सोडली. ट्रकमधून तो काळाभोर, चकचकीत, उंच प्राणी आमच्या बाजारात उतरला तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी त्याला हात जोडले होते. तेव्हा हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. मामांच्या मते हे दोन्ही एकाच वेळी घडणं योग्यच होतं.

गावात पाय ठेवल्याच्या आठवड्यातच मामा माझ्याकडे आले. "प्रेसवाले, पत्रक छापायचं. घोडी फळवायची आसंल तर लोकांला कळायला नको का, आसला घोडा इथं हाय म्हणून?"

मी कागद पुढं ओढला. वर 'श्री खंडोबा प्रसन्न' आलं. खाली दर्यादिलचं कूळ, चार पिढ्या, मधे कुठंही स्वल्पविराम नाही. मग मामांनी सांगितलं, "लिवा. उंच, देखणा, निर्व्यसनी."

"मामा, घोडा निर्व्यसनी?"

"काहून? तुमी पाह्यला का त्याला तमाकू खाताना?"

लिहिलं. मग अटी. पहिली अट, घोडीची माय माहीत असावी. दुसरी अट, झालेलं शिंगरू बापाला दाखवायला आणावे.

इथं मी अडलो. पहिली अट व्यापाराची होती, पण ही दुसरी कुठल्या धंद्यात बसते? लोक घोडी आणणार, काम झालं की घेऊन जाणार. वर्षाने शिंगरू घेऊन परत पायपीट कोण करील? "गिऱ्हाईक बिचकेल मामा," मी म्हणालो, "ही गाळू या."

"गाळायची न्हाई. ठसठशीत छापा."

मला वाटलं, म्हातारा पक्का आहे. चांगलं शिंगरू निघालं की ते बाजारात मिरवून पुढची गिऱ्हाइकं धरायची, असा बेत असणार. मी मनातल्या मनात त्यांच्या धूर्तपणाला दाद दिली.

पत्रकं वसमतच्या स्टँडपासून माळेगावच्या जत्रेपर्यंत गेली. घोडीवाल्यांची रीघ लागेल असं मामांना वाटलं होतं. रीघ नाही, पण एकेक येऊ लागले, आणि मामा एकेकाला परत पाठवू लागले. वसमतचा बँडवाला आपली वरातीची पांढरी घोडी घेऊन आला. तिला झालर, आरसे, पायात घुंगरू. मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "नाचती का?" "फस्कलास नाचती." "मंग न्हाई जमायचं. पळणाऱ्याला नाचणारी दिली तर पोरगं कुठंच पोचायचं न्हाई." बँडवाला म्हणाला, "अहो, पण ती लई कमवती." मामांनी नुसता पटका सारखा केला. एक पुढारी आला, त्याच्याकडे घोडीची कागदपत्रं होती, शिक्के होते. मामांनी घोडीच्या डोळ्यात पाहिलं आणि म्हणाले, "कागद बोलून राहिला, घोडी न्हाई." टांगेवाल्याला विचारलं, हिची माय कोण? तो म्हणाला, "घोडीच होती." त्याला चहाही मिळाला नाही.

अशी तीन वर्षं दर्यादिल ब्रह्मचारी राहिला. त्याची त्याला काही तकलीफ दिसत नव्हती. चंदी खायची, अंग चमकवायचं आणि शाळेची घंटा झाली की कान टवकारायचे. "रगत बोलतंय," मामा मला भिंतीवरून सांगत. "रेसची घंटा वाटून राहिली त्याला. रगत कधी गप बसत न्हाई, प्रेसवाले." शाळा सुटली की पोरं कुंपणावरून त्याला शेंगा घालतात, हे मी मामांना कधी सांगितलं नाही.

'रगत बोलतंय' हे मामांचं उत्तर सगळ्याला लागू पडे. एखादा पोरगा पहिला आला तरी आणि एखादा पळून गेला तरी. फक्त स्वतःच्या घराबद्दल ते कधी असं म्हणत नसत. मामी पूर्वीच गेल्या होत्या. मुलगी सुमन लग्न होऊन हिंगोलीला, जावई हळदीच्या आडतीवर. म्हणजे एस.टी.ने जेमतेम तासाभराची वाट, पण मामा जात नसत. "दर्यादिलला कोण बघंल?" हे ठरलेलं कारण. सुमन दिवाळीला यायची, ओट्यावर पदर सावरून बसायची आणि "तब्येत बरी हाय न?" असं बँकेत विचारावं तसं विचारायची. मामा तिलाही घोड्याचं कूळ सांगायचे. मला ते बघवत नसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचा तळ गावाबाहेर पडला. त्यातली सोजराबाई म्हणून एक म्हातारी एका तांबूस, बुटक्या घोडीला घेऊन आली. घोडीच्या पाठीवर बिऱ्हाड वाहून वाहून केस गेलेले, पोट सुटलेलं. मी छापखाना सोडून मजा बघायला गेलो. बँडवाल्याच्या घोडीला नाही म्हणणारा माणूस हिला काय म्हणतो?

मामांनी ठरलेला प्रश्न विचारला, "हिची माय कोण?"

सोजराबाईने मागं बोट केलं. "ती काय. बाभळीखाली हुबी हाय."

खरंच, बाभळीखाली तशीच एक बुटकी, म्हातारी घोडी डोळे मिटून उभी होती. तिच्या पाठीवर कोंबड्यांचं खुराडं होतं.

"माय-लेक बराबर फिरतेत?" मामांनी विचारलं.

"मंग? जलमापासून. हिला बांधली तर ती चरत न्हाई."

मामा बराच वेळ दोघींकडे बघत राहिले. मग पटका काढून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "आणा हिला आत." मी तोंडात बोट घातलं. कोहिनूर एक्सप्रेसच्या घराण्याची सोयरीक कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जमली होती. ती निघताना मामांनी सोजराबाईला एकच बजावलं, "बाई, शिंगरू आणाया लागंल. बापाला दाखवाया." तिने खंडोबाची आण घेतली.

घोडी अकरा महिने वागवते. ते अकरा महिने मामांनी एकट्याने वागवले म्हटलं तरी चालेल. एस.टी. थांबली की कंडक्टरला विचारायचे, "धनगरं दिसले का कुठं?" कंडक्टर म्हणायचा, "मामा, धनगर मला तिकीट काढून सांगतेत का?" लोक म्हणाले, ते कशाला येतात, घोडी माळेगावला विकूनही टाकली असेल. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. पुढं त्यांनी शिंप्याकडून लाल कापडाची, गोंडे लावलेली कुंची शिवून घेतली, शिंगराच्या मापाची, कानांना भोकं ठेवून. शिंपी अजून ती गोष्ट सांगतो.

त्याच वर्षी माघात सुमनला मुलगा झाला. बारशाचा निरोप घेऊन जावई स्वतः आला. मामा म्हणाले, "दर्यादिलला चंदी कोण घालंल?" मी म्हणालो, मी घालतो. "तुमी? तुमी टाइपाचे खिळे जुळवून राहिले जलमभर. घोड्याला हरभऱ्याऐवजी खिळे घालसाल." जावई खाली मान घालून गेला. मला मामांचा खरंच राग आला. घोड्याच्या पोरासाठी कंडक्टरच्या मागं पळणारा माणूस आपल्या नातवाच्या बारशाला जात नाही? मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. भिंतीवरून 'रगत बोलतंय' आलं तरी मी छपाईचं ट्रेडल चालवत राहिलो.

दिवाळी झाली. सोयाबीनची रानं मोकळी झाली आणि एका सकाळी मेंढरांची धूळ दिसली. सोजराबाई आली होती. तांबूस घोडी पुढं, तिच्यामागं तिची माय, आणि दोघींच्या मधे शिंगरू.

मी पहिल्यांदा शिंगराकडे पाहिलं आणि मग मामांकडे बघायचं धाडस होईना. काळेपणा नाही, उंची नाही, चमक नाही. तांबूस, पोटाळ, मोठ्या कानांचं, हुबेहूब आजीवर गेलेलं. ब्लॅक बिशप विलायतेहून जहाजाने आला तो यासाठी!

मामांनी त्याचे पाय पाहिले नाहीत, छाती पाहिली नाही. त्यांनी दर्यादिलला सोडून आणलं आणि हळू आवाजात त्याला म्हणाले, "ह्ये तुझं." मग गुडघ्यावर बसून शिंगराला म्हणाले, "ह्यो तुझा बाप बरं का. दर्यादिल नाव. पायानं जरा अधू हाय, पर मनानं चांगला." शिंगरू आईच्या पोटाखाली शिरलं. दर्यादिलने एकदा हुंगलं, फुरफुरला आणि परत चंदीकडे वळला. झालं. एवढ्यासाठी वर्षभर वाट पाहिली होती.

"लाजतंय," सोजराबाई म्हणाली.

"लाजू द्या. पहिल्यांदा तसंच आसतंय," मामा म्हणाले. कुंची घालायचा प्रयत्न झाला, कान मावले नाहीत. मग ती हातात घेऊन ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"म्या पुण्याहून पहिल्यांदा आलो तवा सुमी दोन वर्साची व्हती," ते म्हणाले. "मायच्या मागं लपली. माय, ह्यो माणूस कोण, म्हणली. मला वाटलं, रगताचं हाय, येईल जवळ आपसूक. म्या वट्यावर बसून राह्यलो. दोन दिस. मंग गाडी व्हती. दर वर्सी तसंच. रगत काय बोलत न्हाई, प्रेसवाले. कोणीतरी वळख करून द्यावी लागती. आमच्यात कोणी दिली न्हाई."

ज्या अटीला मी धूर्तपणा समजलो होतो, तिचा अर्थ मला तेव्हा कळला.

"बारशाला भ्या वाटलं," मामा म्हणाले. "ते पोरगंबी विचारंल, ह्यो कोण."

"बारा दिवसांचं पोर काय विचारतं मामा?"

"सुमीच्या तोंडाकडं बघितलं आसतं न त्यानं. तिथंबी वळख दिसली नसती." थोड्या वेळाने ते उठले. "चला, तुमी माझ्यासंगं हिंगोलीला. वळख करून द्याला कोणीतरी लागतंय." सोजराबाईने दर्यादिलला चंदी घालायचं कबूल केलं.

सुमनच्या दारात मामा उभे राहिले ते पायरीच्या खालीच. सुमन पोराला कडेवर घेऊन बाहेर आली, बापाला बघून थबकली. मामांनी मला कोपराने ढोसलं. मी पोराकडे बघून घसा खाकरला. इतकी वर्षं जे ऐकलं होतं त्याच चालीवर माझ्या तोंडून निघालं, "हे भुजंगराव. जवळा बाजारचे. तुझ्या आईचे वडील. पुण्यात घोडे सांभाळायचे, आणि तिकडे मन लागायचं नाही तेव्हा घोड्यांना तुझ्या आईचं नाव सांगायचे." हे शेवटचं मी रचलं होतं. मामांनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमाला कोणी सांगितलं?"

पोराने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. सुमनचे डोळे भरून आले होते. "मला कोणी आसं सांगितलं न्हाई कधी," ती म्हणाली. "लाजतंय ते. बसा बा, येईल जवळ."

मामा ओट्यावर बसले. शिंगराची लाल कुंची अजून हातातच होती, ती बाजूला ठेवली. पोर खांद्याआडून गोंड्याकडे बघत होतं. परतीच्या एस.टी.ची वेळ होत आली तशी मी चुळबुळ करू लागलो. "मामा, उशीर होईल. दर्यादिलला कोण बघणार?"

"त्याचं लेकरू हाय त्याच्यापाशी," मामा म्हणाले. "तुमी व्हा म्होरं. म्या बसतो."