सोललं तर याद राखा!

फळ सोललं म्हणून पाहुण्याला घराबाहेर काढणारा गृहस्थ अख्ख्या पांढुर्ण्यात एकच आहे आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. बाबारावकाका.

पांढुर्णा संत्र्यांचं गाव. इथल्या पोरांना धड चालता येत नाही, पण संत्रं सोलता येतं. अशा गावात काकांनी अंगणात कुमक्वाट लावलं. बोराएवढं केशरी फळ, दिसायला संत्र्याचं पिल्लू. ते सालीसकट खायचं असतं. साल गोड, गर आंबट. पण आमची नखं ऐकतात थोडीच? नख लागलं रे लागलं की काका कडाडलेच.

"काहून सोलून राहिली? सारा माल सालीत हाय! रेशे सालीत, व्हिटॅमिन सालीत! आतमंधी काय, नुसतं आंबट पानी!"

क जीवनसत्त्व आतल्या गरातही असतं, हे मी एकदा सांगून पाहिलं. "तू डॉक्टर हायस का?" म्हणाले. स्वतः जन्मभर कापसाची दलाली केली, ते सोयीने विसरले. मोहगावच्या जावयाने साल काढून ताटाच्या कडेला ठेवली, तर त्यालाही सोडलं नाही. "उचला ते अन् खा! कोठा साफ राहते!" जावयाला असं कोणी बोलतं का? पण त्या बिचाऱ्याने मुकाट्याने खाल्ली.

इथवर मी हसले असते. पण काकूंकडे बघून हसू येईना. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला होता. बोलणं शाबूत, डोकं लख्ख, फक्त जेवण सुटलं होतं. पोटात अन्न गेलं नाही तर अंगात ताकद कुठून येणार, असं डॉक्टर बजावून गेले होते. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं तर संत्री घेऊन. खाटेशी बसायचं, सोलायचं, शिरा काढायच्या आणि एकेक फोड तोंडाशी धरायची. सगळे तेच करत. काकू तोंड भिंतीकडे फिरवत आणि काका धावून येत. "उचला ते संत्रं! सोललेलं काही चालनार नाही या घरात!" काकूंची सख्खी बहीण सौंसरहून आली होती, ती रडत परत गेली. माझं डोकंच फिरलं. बायको डोळ्यांदेखत वाळत चालली आहे आणि या माणसाला रेशांची पडली आहे! एका दुपारी बशीत संत्र्याच्या फोडी घेऊन मी भांडायलाच गेले.

दारातच थांबले. काका खाटेजवळ जमिनीवर बसले होते. मध्ये वाटीत कुमक्वाट. काकांनी उजवा हात मांडीखाली दाबला होता आणि ते डाव्या हाताने खात होते! देवाधर्माचा माणूस, दर शनिवारी जामसांवलीच्या देवळात जाणारा. काकूंनीही डावा हात वाटीत घातला. फळ निसटून खाली घरंगळलं. काकांनी उचललं नाही, मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. काकूंनी दुसरं धरलं, तोंडात टाकलं, आंबटाने डोळे मिटले आणि चावून गिळलं. मग तिसऱ्यासाठी हात घातला.

मला पाहताच काकांनी दंडाला धरून ओसरीवर आणलं.

"ते बशी झाक आधी!" ओरडायचं होतं त्यांना, पण आवाज दाबून धरला होता. "साऱ्या खानदानाले जेवू घातलं तिनं. आता जो येते तो लेकरावानी तोंडात फोडी कोंबते. लाज वाटते तिले. एका हातानं संत्रं सोलता येत नाही. याले सोलाच लागत नाही, समजलं?"

"मंग सांगाचं ना लोकाईले!" मीही भडकलेच होते. "सारं गाव तुमाले येडं म्हनून राहिलं!"

"म्हनू दे! काय सांगू? तिचा हात चालत नाही, म्हनून? तिले आयकू येत नाही का?"

राग तर अजून होताच. पण आता तो फोडी घेऊन येणाऱ्या आम्हा सगळ्यांवर होता. बशी मी पदराखाली घेतली.

आतून काकूंचा आवाज आला. "अवो, संपले. अजून आना."

"आनतो ना! धुवा लागन का नाही? साल खाची हाय, धूळ नाही!" काका नेहमीसारखे कडाडले आणि आतली वाटी घेऊन अनवाणीच अंगणात गेले.

झाडाशी पाठमोरे उभे राहून ते फळं तोडत होते. वाटी केव्हाच भरली होती, खाली फळं सांडत होती. तरी बराच वेळ ते वळले नाहीत.