मारोतीची लाल मान

"तुह्या धुण्यापरीस धोबी बरा!" एवढंच मारोती बोलला होता, तेही कॉलरवरचा मळ दाखवून. सत्यभामेने हातातलं धोपटणं तिथेच टाकलं. "मंग धोब्यासंगच संसार करा," म्हणाली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर बोरी अरबला माहेरी निघून गेली. पुसदच्या जिनिंग गिरणीत मारोती दिवसभर लोकांचा कापूस तोलायचा, पण स्वतःचा शब्द तोलणं त्याला कधी जमलं नाही. घर खायला उठलं, तरी हट्ट सुटेना. त्याने सगळे सदरे श्रावण धोब्याकडे नेऊन टाकले.

सदरे कडक इस्त्रीचे आले. मारोतीने ऐटीत एक चढवला आणि दुसऱ्याच दिवशी मानेवर लाल चट्टा उठला. खाज तर अशी, की जिनातल्या वजनकाट्यावर बसवेना.

"उष्णता हाय रे, लिंबाचा पाला वाटून लाव," शेजारच्या तुळसाबाई म्हणाल्या.

"बाई घरात नसली का मानसाचं रक्त बिघडते," जिनातल्या धरमसिंगने निदान केलं.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, "कापसाच्या धुळीने होतं हे. रोज धुतलेला सदरा घालत जा."

मारोती रोज धोब्याकडचा करकरीत सदरा घालू लागला. चट्टा गळ्यापर्यंत सरकला, त्यावर फोड आले, कानाच्या पाळ्या सुजल्या. औषध कमी पडतंय असं वाटून तो दिवसातून दोनदा सदरा बदलू लागला. मग मान फिरायचीच थांबली.

फोड पाहून तुळसाबाईंनी लांबूनच हात जोडले. "माता आली व माय!"

दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. बरा होईस्तोवर येऊ नको, असा मालकाचा निरोप आला. येणारेजाणारे दाराशी नमस्कार करून पुढे जात, पाणी मात्र कोणी विचारीना. जन्मात पहिल्यांदा लोक मारोतीपुढे हात जोडत होते आणि तो थंड चुलीशेजारी एकटा कण्हत पडला होता. आपण आता वाचत नाही, हे तो धरूनच चालला. मरणाचं दुःख होतंच, पण बायकोशी शेवटचं बोलणं धोब्यावरून झालं, हे जास्त सलत होतं. शेवटी त्याने खिडकीतून ट्रकवाल्या शकीलला हाक मारली.

"बोरी अरबवरून जाशीन ना? सत्यभामेले सांग, तोंड पाहाचं असन तं लवकर ये."

सत्यभामा आली ती रडतच. डहाळा सारून आत शिरली, मान पाहिली, खुंटीवरचा सदरा उचलला आणि कॉलर उलटली. आत काळी फुली होती. तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"धोब्यानं कपडे ओळखाले बिब्याची खूण केली हाय. बिबा उतला तुमाले, त्याच्याच तेलानं फोड आले! कायची माता अन् कायचं काय!"

"म्हंजे मी मरत नाही?" मारोती जरा हिरमुसलाच.

"नाही. धोबी बरा हाय म्हने ना?"

तिने तीळ-खोबरं वाटून मानेला लावलं. तो ओळखीचा हात लागताच मारोतीला रडू आवरेना.

"चुकलो, सत्यभामे. आता राह्य इथंच."

"बिब्याचा डाग धुतल्यानं जात नाही," ती एवढंच म्हणाली आणि कात्री घेऊन एकेका कॉलरवरची फुली कापत बसली.

सूज उतरेपर्यंत ती राहिली. मग एका सकाळी भाकरी करून, झाकून ठेवून, पिशवी उचलून निघाली. मारोती दारातून पाहत राहिला. ती वळणाआड गेली तरी पाहत होता. मान आता छान फिरत होती.

कामावर जायचं म्हणून त्याने पेटी उघडली. भोकं पडलेल्या कॉलरींचे सदरे नीट घडी घालून ठेवलेले होते. तळाशी एक मात्र धड होता. त्याने कॉलर उलटली. काळी फुली जागच्या जागी होती.

विसरली असेल? पण साधं भांडणही न विसरणारी बाई ती, फुली कशी विसरेल?

मारोतीने तो सदरा अंगात घातला, वरचं बटण गळ्यापर्यंत लावलं आणि शकीलचा ट्रक बोरी अरबकडे कधी निघतो, ते विचारायला गेला.