हार्लनने पाणी घातलेला पुरावा

दुपारचं जेवण आटोपलं की व्हर्ना भांडी विसळायची, आरशासमोर उभी राहून केस सारखे करायची आणि शेजारी डेल्बर्टकडे जायची. जून लागल्यापासून हे असंच चाललं होतं. जाताना "आलेच हं" म्हणायची, तासाभराने परतायची, आणि परतली की तिचा चेहरा खुललेला असायचा. हार्लनला तो खुललेला चेहरा बघवायचा नाही. नवरा इथे घरात बसलेला असताना बायकोचा चेहरा शेजारून खुलून येतो म्हणजे काय, असा त्याचा सवाल होता. तो त्याने अजून कुणाला विचारला नव्हता, पोटात ठेवला होता, आणि पोटात ठेवलेली गोष्ट कधी नीट पचत नाही.

हार्लन म्हणजे आमच्या ड्राय फोर्कचा टोमॅटोवाला. जन्मभर त्याने पाटाचं पाणी शेतांना सोडायचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर तो जो टोमॅटोत शिरला तो शिरलाच. तालुक्याच्या जत्रेत पहिल्या नंबरची निळी फीत त्याचीच. बाकीच्यांनी टोमॅटो मांडणं सोडून भोपळ्याकडे मोर्चा वळवला होता. डेल्बर्ट हा त्याचा शेजारी, विधुर माणूस, कोळशाच्या खाणीत कंबर मोडून घेतलेला. त्या कंबरेसाठी डॉक्टरने त्याला गांजा लिहून दिला होता. आमच्या कोलोरॅडोत तेव्हा ते चालायचं, म्हणजे औषध म्हणून चालायचं. डेल्बर्ट आधी गावातल्या औषधी गांजाच्या दुकानातून आणायचा. पण राज्याचा कायदा म्हणतो औषध, वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राचा कायदा म्हणतो गुन्हा, आणि निवडणूक जवळ आली की आमचे मतांवर निवडून येणारे पोलीसप्रमुख शेरीफ ब्लेडसो, त्यांना नेमका वॉशिंग्टनचा कायदा आठवतो. त्यांनी दुकान बंद पाडलं. मग डेल्बर्टने परसात जाळीचं घर उभारलं, त्याला कुलूप लावलं आणि आत झाडं लावली.

इथपर्यंत हार्लनची काही हरकत नव्हती. म्हणजे होती, "ते गवत" म्हणून चारचौघांत तो नाक मुरडायचाच, पण उठून काही करावं इतकी नव्हती. ठिणगी पडली ती रात्रीच्या जेवणाला. व्हर्ना हार्लनच्याच टोमॅटोचं सँडविच खात होती. घास गिळून ती म्हणाली, "डेल्बर्टच्या झाडांची पानं पाहिलीस का रे? काय तकतकीत आहेत. हात आहे बाई त्याला."

हार्लनने तिच्या हातातल्या सँडविचकडे पाहिलं. टोमॅटोचा रस तिच्या मनगटावरून ओघळत होता. त्या टोमॅटोबद्दल ती गेल्या कित्येक वर्षांत "छान आहे" यापलीकडे काही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने कोंबड्यांच्या दाण्याची बादली कुंपणाशी उलटी टाकली आणि तिच्यावर चढला. पलीकडे जाळीच्या घरात डेल्बर्ट आणि व्हर्ना खुर्च्या टाकून बसले होते, बर्फ घातलेला चहा पीत होते आणि हसत होते. कशाला हसत होते ते ऐकू येत नव्हतं, हे फारच वाईट. म्हणून हार्लनने निदान झाडं मोजली. बारा भरली. एका आजाऱ्याला कायद्याने सहा. बादली कलंडून तो पडला तेव्हासुद्धा त्याच्या तोंडावर समाधान होतं.

त्याने शेरीफच्या कचेरीत फोन लावला, आवाज बदलला आणि नाव न सांगता तक्रार नोंदवली. फोनवरची बाई सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "बरं, पाठवते कुणाला तरी. हार्लन, यंदा टोमॅटो कधी तयार होतायत?"

डेप्युटी मार्लिस क्रेब्ज गाडी घेऊन आली. डेल्बर्टने आपलं औषधी गांजाचं कार्ड दाखवलं आणि सांगितलं की सहा झाडं माझी, उरलेली सहा दुसऱ्या एका आजारी माणसाची, त्याच्या नावाने मी वाढवतो. तेही कायद्यात बसतं. मार्लिसने विचारलं, कोण तो माणूस? डेल्बर्ट म्हणाला, "सांगणार नाही. शब्द दिलाय." मार्लिसने त्याला समजावलं की नाव नसेल तर ती सहा झाडं बेकायदा ठरतात आणि मग तुरुंगात जायची पाळी येईल. डेल्बर्टने कंबर धरली, खाली बसला, आणि तरीही गप्प राहिला. कुंपणाआड हार्लन मनात म्हणाला, बघा, नाटकं बघा.

आता झाडं जप्त करायची तर आमच्या राज्यात एक गंमत आहे. आजाऱ्याचं औषध पोलिसांनी जप्त केलं, तरी निकाल लागेपर्यंत त्याची हेळसांड करता येत नाही. आदल्या वर्षी शेरीफच्या माणसांनी कुणाची तरी झाडं पुराव्याच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली होती. खटला उभा राहीपर्यंत त्यांचा कडबा झाला आणि न्यायाधीशबाईंनी भर कोर्टात शेरीफना असं झापलं की साहेब आठवडाभर हॉटेलात जेवायला आले नाहीत. म्हणून या खेपेला झाडं मुळांसकट उचलून मोठ्या कुंड्यांत घातली आणि तुरुंगाच्या अंगणात मांडली. ऊन येणारी तेवढी एकच जागा होती. ती कैद्यांची फिरायची जागा. दोन कैदी आत होते, त्यांचं फिरणं बंद झालं. पैकी एक गांजापायीच आत आला होता. तो खिडकीतून दिवसभर नुसता बघत बसायचा आणि उसासे टाकायचा.

सकाळच्या पाळीचा डेप्युटी झाडांना पाणी घालायचा. दुपारचाही घालायचा. रात्रीच्याला वाटायचं, दिवसभर कुणी घातलं नसेल. चारच दिवसांत पानं पिवळी पडली आणि शेरीफना पुन्हा न्यायाधीशबाई दिसू लागल्या.

शेरीफ स्वतः हार्लनकडे आले. टोपी काढून हातात धरली होती. तालुक्यात तुझ्याइतकं झाडातलं कुणाला कळत नाही, वगैरे त्यांनी आधी म्हणून घेतलं. हार्लन म्हणाला, मरू द्या ती झाडं. शेरीफ म्हणाले, ती मेली तर मी मेलो, निवडणूक आहे. हार्लन म्हणाला, माझा त्या गवताला विरोध आहे.

"म्हणून तर तू हवास," शेरीफ म्हणाले. "तक्रारदार तू. डेल्बर्टशी तुझं साटंलोटं आहे असं तरी कुणी म्हणणार नाही."

हार्लनने नकार दिला आणि घरात गेला. व्हर्ना स्वयंपाकघरात बसली होती. लोणच्याची बरणी तिच्यासमोर होती, झाकण उघडलेलं नव्हतं. "उघडून दे," ती म्हणाली. त्याने उघडून दिली. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ती झाडं काही जगायची नाहीत. डेल्बर्टसारखी वाढवणारा दुसरा कोण आहे इथे?"

हार्लन उलट्या पावली बाहेर आला. शेरीफ गाडी सुरू करत होते. "कधीपासून येऊ?" त्याने विचारलं.

त्या दिवसापासून रोज दुपारी मार्लिस त्याला गल्लीच्या टोकावरून गाडीत घ्यायची आणि तुरुंगात सोडायची. शेरीफनी बजावलं होतं की हे कुणाला कळता कामा नये. पोलीस गांजा पिकवतात म्हटल्यावर मतं कोण देणार? पहिल्याच दिवशी हार्लनने कुंड्या उपसल्या, सडलेली मुळं छाटली, माती बदलली, आणि पाण्याच्या नळाला हात लावाल तर याद राखा, असं तिन्ही पाळ्यांना बजावलं. घरून कोंबडखत नेलं. टोमॅटोसाठी राखून ठेवलेलं हाडांचं खत, जे तो सख्ख्या भावालाही दाखवत नसे, तेही नेलं. झाडांशी तो बोलायचा. "डेल्बर्टने तुम्हाला काय घातलं असेल? विहिरीचं पाणी. मी काय घालतो ते बघा." खिडकीतला कैदी म्हणाला की मी सुटल्यावर तुमच्याकडे शिकायला येईन. हार्लनने त्याला टोमॅटो लावायचा सल्ला दिला.

झाडं अशी उठली की काही विचारू नका. ऑगस्टात ती भिंतीवरून डोकावू लागली आणि शेरीफनी भिंतीवर ताडपत्री ताणली.

इकडे घरात मात्र व्हर्नाचं काही खरं नव्हतं. तिच्या हातून कप निसटायचे. कुशनवरची वीण अर्धवट पडली होती. काकडीएवढे दुधी भोपळे परसात वाढून मांडीएवढे झाले, पण तिने दरवर्षीसारखा त्यांचा गोड पाव भाजला नाही. रात्री ती बोटं बगलेत धरून पडायची. हार्लन छताकडे बघत पडायचा. डेल्बर्टकडची बैठक मोडली म्हणून ही झुरतेय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. विचारायची हिंमत नव्हती. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

व्हर्नाही त्याला काही विचारत नव्हती. पण दुपारी तो कपडे बदलून बाहेर पडताना त्याच्याकडे बघायची. परतल्यावर जवळून जाताना नाक किंचित वर करायची. एकदा म्हणाली, "मार्लिसची गाडी हल्ली या बाजूला फार फिरते." हार्लन म्हणाला, "गस्त असेल."

सुनावणीच्या दिवशी अर्धं गाव कोर्टात होतं. डेल्बर्ट काठी टेकत उभा राहिला. न्यायाधीशबाईंनी त्याला शेवटचं विचारलं की उरलेली सहा झाडं कुणाची. तो म्हणाला, "ज्याची आहेत त्याला घरात अडचण होईल. मी आत जाईन, पण नाव घेणार नाही." बाईंनी चष्मा काढला. आता त्या शिक्षाच सुनावणार, असं सगळ्यांना वाटलं. हार्लनलाही वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला अजिबात बरं वाटलं नाही.

त्याच्या शेजारचं बाक करकरलं. व्हर्ना उभी राहिली होती.

"माझी," ती म्हणाली. "ती सहा माझी. हे कार्ड. माझी बोटं धरतात, दोन वर्षं झाली. तिथे बसून औषध घेतलं की तासाभरात उघडतात."

हार्लनने वर पाहिलं. बायकोची बोटं त्याने जणू पहिल्यांदाच पाहिली. सांधे सुजले होते, करंगळी वाकडी झाली होती. या हातांनी तिने त्या दिवशी बरणी पुढे सरकवली होती आणि त्याने नुसती उघडून दिली होती.

"मला का नाही सांगितलंस?" तो कुजबुजला. कोर्टात शांतता असल्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

"काय सांगू? त्या गवताला हात लावणारा आपल्या उंबऱ्यात येणार नाही, असं तू ख्रिसमसच्या जेवणात टर्की कापताना म्हणाला होतास. पाहुण्यांदेखत."

न्यायाधीशबाईंनी खटला काढून टाकला, झाडं परत करा म्हणून सांगितलं, आणि मागचा अनुभव असल्यामुळे आधी स्वतः बघायला बाहेर आल्या. तुरुंगातून आणलेली झाडं ट्रकमध्ये उभी होती. ती ट्रकच्या टपाच्याही वर गेली होती. डेल्बर्ट काठी विसरून पुढे गेला, एक पान बोटांत धरलं आणि म्हणाला, "माझ्या हातून हे झालं नसतं. कुणी वाढवली?"

शेरीफ ढगांकडे बघू लागले. मार्लिसने सरळ हार्लनकडे बोट दाखवलं. म्हणाली, रोज दुपारी मीच आणत होते त्यांना.

व्हर्नाने हार्लनकडे पाहिलं, मार्लिसकडे पाहिलं, पुन्हा हार्लनकडे पाहिलं. मग दोघं गाडीने घरी निघाली. गल्लीत वळल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं तिचं आणि तुझं काहीतरी आहे."

हार्लनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "तुला असं वाटलं?"

"रोज नवा शर्ट घालून जात होतास."

"खतात लोळायचं म्हणून जुना वेगळा ठेवला होता तिथे," तो म्हणाला. मग समोर बघत, "फार जळलीस का?"

"झोप नव्हती."

हार्लनने मान डोलावली. इतक्या वर्षांत कुणी त्याच्यावरून जळलं नव्हतं, आणि जळलं तेही थेट बायको. खुळ्यासारखा तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. मग तोही बोलला. बादलीचं बोलला, फोनचं बोलला, सगळं सांगितलं. व्हर्नाने त्याला गाढव म्हटलं, नंतर आणखी एकदा म्हटलं, आणि आपली वाकडी बोटं त्याच्या हातावर ठेवली.

आपली झाडं कुणाकडे वाढवायची हे आजाऱ्याने ठरवायचं असतं. व्हर्नाने ठरवलं. हार्लनने टोमॅटोचा सगळ्यात चांगला वाफा उपटला, जाळी लावली, कुलूप लावलं आणि तिची सहा झाडं तिथे मांडली. त्या वर्षी निळी फीत एका भलत्याच माणसाला मिळाली, पण त्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. दुपारी दोघं खुर्च्या टाकून बसायची. व्हर्ना बोटं उघडून मिटून बघायची, पानांना हात लावायची आणि म्हणायची, "तकतकीत आहेत हो. हात आहे तुला."

एक दिवस अशीच बसली असताना कुंपणापलीकडे काहीतरी पत्र्याचं घसटल्याचा आवाज आला. मग धापा ऐकू आल्या. मग कुंपणावर हळूहळू डेल्बर्टचं टक्कल उगवलं आणि त्याखाली दोन डोळे, आधी व्हर्नाकडे, मग झाडांकडे. ओठ हलत होते, म्हणजे मोजत होता.

हार्लनने चहाचा घोट घेतला.

"उजव्या पायावर भार देऊ नकोस, डेल्बर्ट," तो म्हणाला. "बादली त्या बाजूला कलंडते."