आबासाहेबांच्या घासाकरिता कोवळ्या हरणावर जाहलेल्या मोहिमेची हकीकत

टण्‌.

रविवारचे दुपारचे जेवण चालले होते, आणि कोणी बोलत नव्हते, आणि त्या शांततेत आबासाहेबांनी आपली कवळी तोंडातून काढोन स्टीलच्या वाटीत ठेविली, तिचा हा आवाज. वाटी रिकामी होती म्हणोन आवाज मोठा जाहला. ताटात मटण जैसे वाढले होते तैसेच होते. आबासाहेब इतकेच बोलिले, "चावत नाही बाप्पा," आणि उठोन आपले महाली गेले, आणि दार लोटोन घेतले.

येथून मोहिमेचा आरंभ. गड कोणी घेतले, तख्ते कोणी फोडिली, ते सर्व थोरांचे दफ्तरी आहे. परंतु एका म्हाताऱ्या माणसाचे पोटी चार घास जावे याकरिता मिशिगन प्रांती, ॲन आर्बर मुक्कामी, जे रण माजले त्याची याद कोणी राखिली नाही. करिता जैसे घडले तैसे, पदरचे न घालिता, लेकरू दुपारचे निजले आहे तोवर लिहिले आहे.

श्रीमंत आबासाहेब, नाव श्रीराम, मूळचे नागपूरकर. मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर म्हणोन या मुलखी आले, नोकरी करोन नामांकित जाहले, आणि आता पेन्शनीत होते. फाल्गुनात त्यांचे कुटुंब मातुश्री सुलेखाबाई कैलासवासी जाहल्या. तेव्हापासोन आबासाहेबांचे अन्न सुटले. पोळी तुटे ना, भात उतरे ना, आणि मटण, ज्याजवर उभा जन्म प्रीती, ते चावे ना. पाटलोण कंबरेस राहीना म्हणोन सूनबाई प्रीताबाईंनी पट्ट्यास खिळ्याने नवे भोक पाडिले, आणि महिन्यामागे दुसरे पाडिले. डॉक्टरचे फर्मान आले की, थँक्सगिव्हिंगचे सणापूर्वी तपासणी होईल, तेव्हा वजन आणखी उतरले दिसले तर इस्पितळात ठेवोन नळीने अन्न घालणे प्राप्त. आबासाहेबांनी फर्मान ऐकिले आणि भिंतीकडे तोंड फिरविले. चिरंजीव गुरुदत्तराव यांनीही ऐकिले, आणि मोटार चालविताना सिग्नल हिरवा जाहला हेही त्यांचे ध्यानी राहिले नाही.

मग खलबत बसले. देवांगराव दंतवैद्य यांस पाचारण केले, कारण की कवळी त्यांचे कारखान्याची. देवांगराव जन्माने याच मुलखीचे, परंतु सुलेखाबाईंचे हातचे जेवोन वाढलेले, आणि शरद ऋतूत धनुष्य घेवोन रानात जाणे हा त्यांचा शौक. त्यांनी कवळी पाहिली, घासली, पुनः बसविली, आणि बोलिले, "काका, इट्स नॉट द टीथ. मीट म्हातारं आहे." मग खुलासा केला की, येथील दुकानी मिळते ते थोराड बोकडाचे, त्यास कुकरच्या कितीही शिट्या दिल्या तरी त्याची अक्कड जात नाही. त्याऐवजी यंदा वसंतात जन्मलेले, अंगावरचे ठिपके गेलेले हरणाचे पोर घ्यावे, त्याचे मांस लोण्यासारखे, दातांचे कामच पडत नाही. परवान्यात बसते, रानात हरणे उदंड, आणि धनुष्याचा मोसम सुरू आहे.

आबासाहेबांनी यावर हूं केले. सात महिन्यांत कोणत्याही जिनसाच्या नावावर त्यांनी हूं केले नव्हते. त्या एका हुंकारावर मोहीम मुक्रर जाहली.

गुरुदत्तराव यांनी विडा उचलिला की, शिकार देवांगरावांची नको, बापाकरिता आपल्या हातची पाहिजे. त्यांचे शौर्य कैसे म्हणाल, तर घरात कोळी निघाल्यास त्याजवर पेला पालथा घालोन, खाली कागद सारोन, त्यास सन्मानाने अंगणी सोडणारे. दोन साल देवांगरावांचे संगतीने चाकांच्या, म्हणजे कंपाउंड, धनुष्याचा सराव करीत होते, परंतु आजवर फोमचे हरीण सोडोन कोणास जखम केली नव्हती. प्रीताबाई म्हणाल्या, कोळ्याला पेला आणि पाडसाला बाण, वा.

या खलबतात मेजाखाली गुरुदत्तरावांच्या कन्या, चार वर्षांच्या आरोहीबाईसाहेब, क्रेयॉन घेवोन बसल्या होत्या. त्यांनी पृच्छा केली की कोवळे म्हणजे काय. बापाने समजाविले की, जे लहान ते कोवळे, म्हणजे सॉफ्ट. वय वाढले, धावपळ जाहली, की टफ होते. आरोहीबाईंनी मान डोलाविली. मग त्या दिवसापासोन त्या पाव दाबोन पाहू लागल्या, अव्होकाडो दाबोन पाहू लागल्या, आणि आबासाहेबांचा दंड दाबोन "टफ" ऐसा निवाडा देऊ लागल्या. मोहिमेच्या गडबडीत त्याची दखल कोणी घेतली नाही.

पहिली चढाई शनिवारी जाहली. उजाडण्यापूर्वी गुरुदत्तराव व देवांगराव उभयता शहराचे पश्चिमेस एका शेतकऱ्याचे रानात पोहोचले, त्याची परवानगी आधीच घेतलेली, आणि एका थोर ओकवृक्षावर मचाण होते त्याजवर चढले. गुरुदत्तराव यांचे अंगी झाडाच्या सालीचे चित्र काढिलेले जाकीट, तोंडास काळे फासलेले, ऐसे की सख्ख्या बायकोने ओळखू नये. थंडी अशी की मिशीस दव गोठले. मग तांबूस उजेडात हरणांची टोळी आली. पुढे थोर हरणी, पाठीस दोन पाडसे. गुरुदत्तराव यांनी बाण जोडिला, आणि हरणीने मान वर केली, आणि वारा हुंगिला, आणि पुढचा पाय जमिनीवर आपटोन मोठा फुत्कार केला, आणि सर्वांनी शेपटांची पांढरी निशाणे उभारिली. आपल्याकडे पांढरे निशाण शरणागतीचे. त्यांजकडे ते कूच करण्याचे. क्षणात रान रिकामे.

देवांगराव यांनी गुरुदत्तरावांचे जाकिटास नाक लाविले आणि म्हणाले, "यार गुरू, यू स्मेल लाइक डाळ."

चौकशी होता निष्पन्न जाहले ऐसे की, जाकीट स्वयंपाकघराशेजारील क्लोजेटात, म्हणजे कपड्यांच्या कपाटात, टांगले होते, आणि आदले रात्री प्रीताबाईंनी वरणास लसूण, हिंग, जिरे यांची फोडणी दिली होती, आणि क्लोजेटचे दार सताड उघडे. हिंगाने हरणांकडे जासुदी केली.

मग फर्मान सुटले. जाकीट, टोपी, मोजे, बूट सर्व बिनवासाच्या साबणाने धुवोन, पेटीत ओकच्या पानांत घालोन गॅरेजात ठेवावे, आणि बुधवारपासोन शनिवारपर्यंत घरात फोडणी करू नये. तेल तापू नये. कांदा परतू नये. उदबत्तीही देवापाशी नुसती ठेवावी, पेटवू नये. प्रीताबाईंनी फर्मान ऐकोन विचारिले की, मग लेकीला काय, गवत घालू? परंतु सासऱ्यांचा हुंकार त्यांनीही ऐकिला होता, म्हणोन मान्य केले.

त्या चार दिवसांची हकीकत लिहिताना लेखणी अडते. उकडलेला भोपळा जाहला. उकडलेला बटाटा जाहला. वरण पांढरे, मुके, जैसे इस्पितळातील. आरोहीबाईंनी ब्रोकोली ताटाखाली दडविली. गुरुदत्तराव यांस स्वप्नात मोहरी तडतडली. आणि आबासाहेब, ज्यांजकरिता हा सर्व खटाटोप, त्यांनी पहिले दिवशी अर्धा दहीभात घेतला, दुसरे दिवशी दूध, तिसरे दिवशी चहात बुडविलेले एक बिस्किट, आणि इतकेच. शुक्रवारी प्रीताबाई पट्टा आणि खिळा घेवोन गॅरेजात आल्या, जेथे गुरुदत्तराव बाणांची पाती तपाशीत होते, आणि तिसरे भोक पाडू लागल्या, आणि हातोडी ठेवोन बोलिल्या, "आबांना खायला घालायचं म्हणून तू आबांनाच उपाशी ठेवलंयस, कळतंय का तुला?"

गुरुदत्तराव यांस कळत होते. उद्या बाण चुकला तर पुढील शनिवारपर्यंत फोडणी बंद ठेवणे, आणि पुढील शनिवारपर्यंत आबासाहेब टिकणे, या दोन गोष्टी एकत्र बसत नव्हत्या. ते बापाचे महाली गेले, आणि पलंगाचे कडेस बसले, आणि जाहला प्रकार प्रथमच सांगितला, हरणीने नाक वर केले तेथपासोन क्लोजेटच्या उघड्या दारापर्यंत.

आबासाहेब म्हणाले, "तुझी आई आधी क्लोजेटचं दार लावायची. मग तेल तापवायची. ऑफिसात माझ्या कोटाला कधी वास नाही आला." आणि पांघरुणाचे टोक चाचपोन, "मला वाटायचं, येत नसेल वास."

पन्नास साल एका बाईने रोज दोन वेळा एक दार लाविले, आणि ज्याचा कोट राखिला त्यास ते आता उमगले. गुरुदत्तराव यांनी बापाचे पायावर पांघरूण ओढिले आणि बाहेर आले, आणि प्रीताबाईंस सांगितले. प्रीताबाई क्लोजेटपाशी जावोन उभ्या राहिल्या, आणि ते दार एकवार लावोन पाहिले. कुरकुरत नव्हते.

दुसरी चढाई शनिवारी. मचाण तेच, ओक तोच, वारा समोरून, अनुकूल. उजेड फुटता तीच हरणी आली, पाठीस तीच दोन पाडसे, आणि तिने वारा हुंगिला, आणि वाऱ्यात काही नव्हते. मागचे पाडस पानांत ओकची फळे धुंडीत पुढे आले आणि कूस समोर देवोन आडवे उभे राहिले. बाण सुटला. पाडस थोडे धावले, आणि बसले, जैसे दमोन बसावे, आणि पुनः उठले नाही.

हरणी टेकाडावर जावोन थांबली, दुसरे पाडस तिचे कुशीस, आणि वळोन पाहात राहिली. बखरकार असे मजकूर गाळितात. येथे गाळिला नाही. देवांगराव यांनी पाठीवर थाप देण्यास हात उचलिला, आणि गुरुदत्तराव यांचे मुख पाहोन तो खाली घेतला. उभयता पानांत बसोन राहिले, हरणी दिसेनाशी होय तोवर. मग गुरुदत्तराव यांनी पाडसाचे मस्तकी हात ठेविला, आणि परवान्याचे काम उरकोन, जिन्नस मोटारीत घालोन परत फिरले.

देवांगराव यांनी मांस साफ करोन दोन दिवस थंड राखिले आणि सोमवारी आणोन दिले. परंतु सोमवार म्हणजे आबासाहेबांचा महादेवाचा वार. भुकेने डोळे खोल गेलेले, तरी वार मोडणार नाहीत. म्हणोन आणखी एक दिवस राहिले, आणि पहिली फोडणी त्याच मांसास द्यावयाची म्हणोन घरात फोडणी बंदच राहिली, आणि देवांगराव फोनवर इतकेच म्हणाले की, सीरियसली?

मंगळवारी प्रीताबाईंनी पदर खोचावा तैसी स्वेटशर्टची बाही खोचिली. प्रथम क्लोजेटचे दार लाविले. मग तेल तापविले. मग खडा मसाला पडला, आणि कांदा पडला, आणि लसूण, खोबरे, खसखस, आणि नागपुरी तिखट, आणि सहा दिवस मुके राहिलेले घर एकदम बोलू लागले. कुकर काढिलाच नाही. पाठीच्या कण्यालगतचे मऊ तुकडे कढईत थोडा वेळच राखिले. तो महालाचे दार कोणी न बोलाविता उघडले, आणि आबासाहेब, एका हाताने पट्टा धरोन, येवोन आपले खुर्चीवर बसले.

ताट वाढिले. आबासाहेबांनी एक तुकडा तोंडी घातला. सर्वांचे घास हातात राहिले. मग आबासाहेबांनी तोंडाशी हात नेला, आणि कवळी काढिली, आणि वाटीत ठेविली.

टण्‌.

प्रीताबाईंनी डोळे मिटोन घेतले. गुरुदत्तराव ताटाकडे पाहात राहिले. त्यांनी स्वतःस रस्साही घेतला नव्हता, नुसता वरणभात कालविला होता. आणि मग आवाज आला तो भुरक्याचा. आबासाहेब बिनदातांनी, हिरड्यांनी, सावकाश चघळीत होते. गिळिले. दुसरा घेतला. तिसरा घेतला. बोटे चाटिली, आणि सुनेकडे पाहोन म्हणाले, "मीठ कमी आहे बाप्पा."

फाल्गुनापासोन त्यांनी अन्नाच्या चवीस नाव ठेविले नव्हते. प्रीताबाई मीठ आणावयास उठल्या आणि मिठाच्या बरणीपाशी थोड्या जास्त वेळ उभ्या राहिल्या.

येणेप्रमाणे कार्तिक मासी, शुद्ध पक्षी, मंगळवारी, मुक्काम ॲन आर्बर, आबासाहेब यांचे पोटी पाच तुकडे, दोन वाट्या रस्सा आणि भात दाखल होवोन मोहीम फत्ते जाहली. पुढे तपासणीस वजन चढलेले निघाले, नळीचे फर्मान रद्द जाहले, पट्ट्याचे तिसरे भोक वापरात आले नाही. फत्ते कशामुळे, याविषयी मतभेद आहेत. देवांगराव म्हणतात, पाडस कोवळे म्हणोन. प्रीताबाई म्हणतात, सहा दिवसांनी फोडणी म्हणोन. आबासाहेबांस विचारिले असता ते क्लोजेटच्या दाराकडे पाहतात आणि पाणी मागतात. गुरुदत्तराव यांनी धनुष्य तळघरात ठेविले आहे, आणि अद्याप वर आणिले नाही.

त्या रात्री आवराआवर होता, आरोहीबाईसाहेब खुर्चीवरून उतरल्या. त्यांनी ताटभर जेवोन घेतले होते, आणि हनुवटीस रस्सा होता. त्यांनी आजोबांचा दंड दाबोन पाहिला, आणि बापाचा दाबिला, आणि मातुश्री प्रीताबाईंच्या मांडीवर चढोन त्यांचा दाबिला. मग स्वतःची बाही वर सारिली, आणि आपला दंड दोन बोटांनी दाबोन पाहिला, बराच वेळ, पाव पाहावा तैसा. आणि विचारिले,

"आई, आपल्या घरात सगळ्यात सॉफ्ट कोण आहे?"