बद्रीनाथ सरांची वाळूवरील स्वारी

पोलीस ॲक्शन होऊन निजामशाही बुडाली, तदनंतर या मुलखात राज्य डळमळावे ऐसा प्रसंग एकच गुदरला, तो लिहिणे प्राप्त आहे. राज्य म्हणजे पडेगावकडील एका इंजिनिअरिंग कॉलेजातली केमिकलची प्रयोगशाळा, दुसरा मजला, संडासाशेजारी.

तेथील प्राध्यापक बद्रीनाथ सर कित्येक वर्षे कंत्राटी. फर्मान जाहले की तपासणी समिती येते, तिजसमोर काचेच्या नळीतली वाळू खालून हवा सोडून उकळती दाखवावी, म्हणजे नोकरी कायम. न उकळल्यास दुसरे कॉलेज पाहावे. सरांस वाळूचा स्वभाव पुरता ठाऊक. हवा थोडकी सोडिली तर मानकऱ्यांसारखी जागीच बसते, जरा वाढविली तर पाण्यागत सैल होते, आणिक वाढविली तर बुडबुडे येऊन वरणासारखी रटरटते, त्याहून वाढविली तर गोळा होऊन दट्ट्यासारखी चढते, आणि हात सुटला तर नळी सोडून परागंदा होते. दाखविणे होते ते बुडबुडे.

समिती आली आणि मग यंत्रपूजेत तंटा उपजला. नारळ वाढविण्याचा मान प्राचार्य मागत, विभागप्रमुख सुगंधाबाई मॅडमही मागत, आणि समितीप्रमुख तर पाहुणेच. तोड म्हणोन तिघांनीही वाढविले, आणि मग तिन्ही नारळांचे पाणी तांब्यात घेऊन शिपाई पुंजाराम सर्वांस तीर्थ वाटीत म्हणाला, "सर, मशीनीला बी पाजा की. तिनं काय घोडं मारलं?" समितीदेखत नाही म्हणणे मुश्कील. खासा सरांनीच उरला तांब्या नळीचे तोंडी रिता केला.

मग हवेची झडप उघडिली. ओली वाळू एकमेकींस धरून बसली, आणि हवा मधोमध उंदरासारखे बीळ पाडून सुखरूप निसटली.

"हलंना की हो काहीच," मॅडम पुटपुटल्या.

"हलंल, दम धरा जरा," सर म्हणाले.

सरांनी झडप आणिक फिरविली, आणि मग आणिक, आणि मग डोळे मिटून अवघी. तेव्हां बीळ ढासळले, वाळू एकजूट होऊन वर चढली आणि समितीवर कोसळली. प्राचार्यांचा चहा, मॅडमचा अंबाडा, समितीप्रमुखांची मिशी, काही वाचले नाही.

समितीप्रमुखांचा विषय पूलबांधणी. मिशी झाडीत त्यांनी पुसिले, "हेच का ते उकळणं?"

सरांनी झडप बंद केली.

"व्हय साहेब. ही शेवटची अवस्था. लई कमी लोकांनी पाहिली."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. समितीने 'प्रात्यक्षिक अत्यंत प्रभावी' ऐसा शेरा दिला, प्राचार्यांनी शाल पांघरविली, सर कायम जाहले. बुडबुडा कोणीही पाहिला नाही. नळीत वाळू पुन्हा भरलेली नाही. नळीत हवा सोडणारा कॉम्प्रेसर आता खाली पार्किंगमध्ये आहे, स्टाफच्या दुचाक्यांत हवा भरायला.